कंपनीने हात वर केले, फोन मात्र चालू आहे: आता काय करायचं?

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा आहे. त्यांच्याकडे एलजीचा जी८एक्स, म्हणजे तो दोन पडद्यांचा फोन आहे. २०२० च्या ऑक्टोबरमधल्या सेलमध्ये १९,९९० रुपयांना घेतला आणि टाळेबंदीत त्यावरच वर्ग घेतले. आता एलजीने अपडेटचे सर्व्हरसुद्धा बंद केलेत. फोन छान चालतो, फक्त दुपारपर्यंत चार्जिंग संपतं. पेन्शनच्या बँकेचं अ‍ॅप, यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप, विजेचं बिल सगळं त्याच्यावरच आहे. भाचा म्हणतो फेकून द्या, बाजारातला एक दुकानदार म्हणतो ‘नवीन सॉफ्टवेअर मारून देतो’. ऐकायचं कोणाचं?

बाई, दोघांचंही नको. मी म्हापशात मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात आहे. जुना फोन फेकायला सांगितला की माझा काही तोटा नाही आणि सॉफ्टवेअर मारून दिलं तर दोन पैसे सुटतात, तरी सांगतो. फोन ठेवा. बॅटरी बदला. पण पैशाचं काम त्यावरून काढा, आणि काढताना बँकेला जोडलेलं सिमही काढा. हे सिमचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून त्यावर पुढे जास्त लिहिलंय.

आधी नक्की काय बंद झालं ते बघू. एलजीने ५ एप्रिल २०२१ ला मोबाईलचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं आणि त्या जुलैअखेर गाशा गुंडाळला. महागड्या मॉडेलांना काही वर्षं अपडेट देऊ असं सांगितलं होतं, तेही झालं. मग ३० जून २०२५ ला अपडेटचे सर्व्हर, एलजीची स्वतःची अ‍ॅप ताजी करणारं अपडेट सेंटर आणि कॉम्प्युटरला जोडून वापरायचं एलजी ब्रिज ही तिन्ही दुकानं बंद झाली. त्यामुळे फोनला कुलूप लागत नाही. आज फोनमध्ये जी अँड्रॉइड आवृत्ती आहे ती तशीच राहते, फॅक्टरी रीसेट केला तरी मागे जात नाही. मात्र रीसेट केल्यावर एलजीची कॅमेरा-कीबोर्डसारखी अ‍ॅप सिस्टीमसोबत आलेल्या जुन्या रूपात परत येतात, आणि ती पुन्हा ताजी करायला आता अपडेट सेंटर नाही. तेव्हा ‘फोन जरा हळू झालाय, रीसेट मारू या’ हा सल्ला तुमच्या फोनला सहज देऊ नये. रीसेट अगदी नाइलाजानेच.

प्रत्येक कंपनीचं ‘बंद’ असं सौम्य नसतं. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांचं सगळं चलनवलन कंपनीच्या सर्व्हरवरून व्हायचं. ४ जानेवारी २०२२ ला ते सर्व्हर थांबले तेव्हा कॉल, मेसेज, इंटरनेट, इतकंच काय आपत्कालीन नंबरसुद्धा लागेल याची हमी नाही, असं कंपनीनेच सांगितलं. त्याच ब्लॅकबेरीचे अँड्रॉइडवाले फोन मात्र चालत राहिले. म्हणून कोणी ‘सपोर्ट संपला’ म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: संपलं ते काय? नवे पॅच, म्हणजे सुरक्षेची भोकं बुजवणारे अपडेट, की ज्याच्याशिवाय फोन हलतच नाही अशी सेवा? तुमच्या बाबतीत पहिलं.

अँड्रॉइड फोनचा बराचसा भाग आता कंपनीच्या हातात नसतोच. प्ले स्टोअर, गूगल प्ले सर्व्हिसेस, क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप, गूगलचा कीबोर्ड हे सगळं गूगलकडून किंवा त्या त्या अ‍ॅपवाल्याकडून परस्पर येतं आणि एलजी गेली तरी येत राहतं. त्याची मर्यादा अँड्रॉइडच्या आवृत्तीवर ठरते. व्हॉट्सअ‍ॅप २०२५ मध्ये अँड्रॉइड ५ पर्यंत खाली उतरत होतं. क्रोमने मात्र २०२५ च्या ऑगस्टपासून अँड्रॉइड १० च्या खालच्यांना नवी आवृत्ती देणं थांबवलं. तुमच्या फोनने वेळच्या वेळी अपडेट घेतले असतील तर तो यात आरामात बसतो. सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ आणि त्यात ‘सॉफ्टवेअर माहिती’ उघडा. तिथे अँड्रॉइडची आवृत्ती दिसेल आणि खाली ‘सुरक्षा पॅच’ म्हणून एक तारीख दिसेल. या दोन ओळी कागदावर लिहून ठेवा. फोन किती जुना झाला हे खरेदीच्या पावतीपेक्षा त्या दुसऱ्या ओळीवरून कळतं.

कंपनीशिवाय कोणी देऊ शकत नाही ते म्हणजे आतल्या तळाचं काम: कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, चिपचे ड्रायव्हर, आणि मोडेम, ब्लूटूथ, वायफायचं फर्मवेअर म्हणजे त्या त्या भागात भरलेलं सॉफ्टवेअर. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचं भोक सापडलं. नुसता एक व्हिडिओ मेसेज पाठवून फोनमध्ये शिरता येत होतं. तेव्हापासून गूगल दर महिन्याला पॅच काढतं आणि कोणती भोकं बुजवली त्याची यादी जाहीर करतं. गोम इथेच आहे. यादी जाहीर झाली की ज्याला पॅच मिळाला तो सुरक्षित होतो, आणि ज्याला मिळणार नाही त्याच्या घराचं कौल कुठे फुटलंय हे गावभर कळतं. तुमच्या घराचा शाकारणीवाला गाव सोडून गेलाय एवढंच झालंय. पहिल्या पावसात घर पडत नाही, पण दर मिरगाला गळती वाढते.

उदाहरण द्यायचं तर २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ब्लूबोर्न नावाचा प्रकार उघडकीला आला. ब्लूटूथ नुसतं चालू असलं तरी जवळचा माणूस जोडणी न करताच फोनमध्ये शिरू शकत होता. ज्या फोनांना पॅच मिळाला ते सुटले, बाकीचे आजही तसेच आहेत. म्हणून जुन्या फोनवर ब्लूटूथ गरज नसताना बंद ठेवायचं. कदंबच्या बसमध्ये, मार्केटात तर नक्कीच.

आता पैशाकडे येतो.

बरेच जण एक मधला मार्ग काढतात: बँकेचं अ‍ॅप नव्या फोनवर घेऊ, पण नंबर जुन्या फोनमध्येच राहू दे, लोकांना तो सवयीचा आहे. हे चालत नाही, आणि चालवलंत तरी उपयोग नाही. यूपीआय अ‍ॅप नोंदणीच्या वेळी त्याच फोनमधल्या सिमवरून एक मेसेज पाठवून खात्री करून घेतं, म्हणजे सिम त्याच फोनमध्ये लागतं. आणि बँकेचा ओटीपी मेसेजने येतो. उद्या जुन्या फोनमध्ये मेसेज वाचणारं एखादं लबाड अ‍ॅप शिरलं तर बँकेचं अ‍ॅप कुठल्या फोनवर आहे याला काही अर्थ उरत नाही. तिजोरी हलवली आणि किल्ली जुन्या जागीच ठेवली, असला कारभार तो. तेव्हा बँकेला जोडलेलं सिम, यूपीआय आणि बँकेचं अ‍ॅप ही तिन्ही एकत्र हलतात.

हलवायची कुठे? परवडत असेल तर साधा नवा फोन घ्या. पण कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून ७ वर्षांचं वचन दिलंय. ते फोन महाग आहेत, पण गॅलेक्सी ए१६ सारख्या स्वस्तातल्या फोनलाही ६ वर्षं आहेत. इथे एक मेख आहे. ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. चवथीच्या सेलला दुकानदार जो दोन वर्षांपूर्वीचा माल ‘खास सवलतीत’ देतो, त्यातली दोन वर्षं आधीच संपलेली असतात. सवलत घ्या, पण हिशेब करून.

वापरलेला फोन घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढा, इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम लिहून एक जागा सोडा, पुढे तो आकडा लिहा आणि १४४२२ वर मेसेज पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं.

नवा फोन घ्यायचाच नसेल तर आणखी एक रस्ता आहे, आणि पेन्शनवर असलेल्या माणसाला मला तो मनापासून आवडतो. बँकेचं सिम बटणांच्या साध्या फोनमध्ये घाला. त्यात अ‍ॅप शिरत नाही, ओटीपी आला तर तुम्हालाच दिसतो. मोठे व्यवहार घरच्या कॉम्प्युटरवर नेटबँकिंगने करा. यूपीआयशिवाय अडत असेल तर साध्या फोनसाठी २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, नंबर फिरवून पैसे पाठवता येतात. फक्त सिम जिओचं असेल तर फोन ४जी लागेल, कारण जिओचं २जी जाळं नाहीच. एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया) आणि बीएसएनएलचं सिम जुन्या २जी फोनमध्येही चालतं. आणि मासळीवाल्याला, रिक्षावाल्याला स्कॅन करायचं असेल तर वेगळं छोटं खातं आणि वेगळं सिम ठेवा, त्यात दोन-तीन हजारांच्या वर टाकू नका. पेन्शनचं खातं त्या अ‍ॅपला जोडायचंच नाही.

काहींना वाटतं, बँकेचं अ‍ॅप उघडतंय ना, मग ते चालवून घेतं तोवर काय बिघडलं. अ‍ॅप उघडतं याचा अर्थ बँकेने फोन तपासून पास केला असा नव्हे. गूगलने अ‍ॅपवाल्यांना फोनची तब्येत विचारायची सोय दिलीय, आणि अँड्रॉइड १३ व त्यापुढच्या फोनांना मे २०२५ पासून त्यातला सगळ्यात कडक शेरा हवा असेल तर गेल्या वर्षभरातला सुरक्षा पॅच लागतो. कुठली बँक हा शेरा मागेल आणि कधी मागेल ते तिच्या मर्जीवर. एका सकाळी अ‍ॅप उघडणार नाही आणि त्याच दिवशी नेमकी फी भरायची असेल. त्याआधीच हलवलेलं बरं.

इतकं सांगून झाल्यावर खरं बोलतो. माझ्या काउंटरवर खातं रिकामं झालेली जी माणसं येतात, त्यांच्या फोनमध्ये मी तरी ब्लूबोर्न वगैरे पाहिलेलं नाही. त्यांनी स्वतःच्या बोटाने फाइल उघडलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नाची पत्रिका’ येते, ‘तुमच्या गाडीचं चलान’ येतं, ‘बिल भरलं नाही, आज रात्री वीज तोडू’ येतं, आणि सोबत एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. वीज खात्याला तुमची वीज तोडायला तुमच्या फोनमध्ये अ‍ॅप घालावं लागत नाही. अशी फाइल बसली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते, मग ‘सुलभता’ म्हणजे अ‍ॅक्सेसिबिलिटीची मागते, आणि ती दिली की पडद्यावरचं सगळं तिला दिसतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला ही परवानगी देताना फोन आडवा येतो. तुमचा फोन येणार नाही. जुन्या फोनचा खरा तोटा मला इथे जास्त दिसतो: तुमची चूक झाली तर ती सावरायला आत कोणी नाही.

तेव्हा आजच दोन गोष्टी करा. सेटिंगमध्ये ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा’ शोधून व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांसमोर ते बंद करा. मग परवानग्यांमध्ये जाऊन एसएमएस आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी कोणाकोणाला दिलीय ते बघा, ओळखीचं नसेल ते काढा. आणि पैसे गेलेच तर घरात चर्चा करत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच अडवता येतात.

सॉफ्टवेअर मारून देणाऱ्याबद्दल. तो दोनपैकी एक काहीतरी करणार. एक, कुठल्यातरी साइटवरून उतरवलेली एलजीचीच जुनी फाइल पुन्हा भरणार. त्याने पॅचची तारीख एक दिवसही पुढे जात नाही, आणि त्या फाइलमध्ये कोणी काय घातलंय ते त्यालाही ठाऊक नसतं. दोन, लिनिएज ओएससारखी स्वतंत्र अँड्रॉइड घालणार. लिनिएज हे प्रामाणिक काम आहे, मी त्याची निंदा करणार नाही. मॉडेल त्यांच्या यादीत असेल आणि करणाऱ्याला कळत असेल तर जुन्या फोनला नवं अँड्रॉइड मिळतं. पण त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप उघडावं लागतं, उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, आणि नंतर बँकांची बरीच अ‍ॅप रुसतात. शिवाय मोडेम आणि चिपचं फर्मवेअर एलजीचं होतं तेच राहतं, ते लिनिएजवाल्यांना बदलता येत नाही. कॉलेजातल्या पोराने हौस म्हणून करावं. तुम्ही पैसे देऊन करून घेऊ नका.

बॅटरी. फोन पाच वर्षं रोज वापरलाय, ४००० एमएएचची बॅटरी दुपारीच संपते यात नवल नाही. बदला, पण दुकानात ‘ओरिजिनल’ शब्द ऐकून भुलू नका. ज्या कंपनीने २०२१ मध्ये फोन बनवणं सोडलं तिची नवी कोरी ओरिजिनल बॅटरी आज कुठून येणार? एकतर ती दुसऱ्या कोणी बनवलेली असते, किंवा दुसऱ्या फोनमधून काढलेली, किंवा खरंच ओरिजिनल पण गोदामात इतकी वर्षं पडून राहिलेली. लिथियमची बॅटरी न वापरताही म्हातारी होते. मी तरी ओळखीच्या बनावटीची अलीकडची बॅटरी पसंत करतो. तिच्यावरची तारीख दाखवायला सांगा, आणि निदान तीन महिन्यांची हमी बिलावर लिहून घ्या.

मागची काच गोंदाने चिकटवलेली आहे. ती गरम करून उघडली की आयपी६८ ची पाणीरोधक मोहर गेली असं समजा, दुकानदार काही म्हणो. तशीही पाच वर्षांत ती रबरं-गोंद सुकलेली असतात. म्हणजे आता हा फोन पावसात उघडा न्यायचा नाही.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली, आणि किनाऱ्याकडे तिच्यात मीठ. चार्जिंगच्या पिनवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर येतो, मग चार्जर लागतो-सुटतो आणि लोक बॅटरी बदलून बसतात. बॅटरी बदलण्याआधी पिन साफ करून बघायला सांगा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, फोन बंद करून. घरी टाचणी घालू नका. भिजलेला फोन तांदळात पुरायचा प्रकारही सोडा, तांदूळ भातासाठी ठेवा. फोन बंद करा, चार्जर लावू नका, लवकर दुकानात आणा, पाण्यापेक्षा मिठाचं पाणी वेगाने बोर्ड खातं. दुसऱ्या पडद्याच्या केसमध्ये असताना फोन चार्ज करायला जो छोटा चुंबकवाला अ‍ॅडॅप्टर मिळाला होता तो सांभाळून ठेवा. हरवला तर केस काढून साध्या सी-टाइप वायरने फोन चार्ज होतो, आणि पुन्हा केसमध्ये घातला की दुसरा पडदा फोनच्याच बॅटरीवर चालतो.

काच एका बाजूने उचललेली दिसली, पडद्यावर मधे फिकट डाग आला, तर बॅटरी फुगलीय. त्या रात्री उशाशी ठेवू नका, चार्जिंगला तर नाहीच. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. काढलेली बॅटरी पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, तिथे ती दाबली गेली तर पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच ती गेली पाहिजे. दुरुस्तीच्या दुकानात दिलीत तरी चालेल, आमच्याकडे त्या साठतातच.

पैसे काढून घेतल्यावर हा फोन कशाला, असं भाचा विचारेल. त्याला सांगा, यात हेडफोनचं भोक आहे आणि त्यामागे चांगल्या प्रतीचा डॅक, म्हणजे डिजिटल फाइलीचा आवाज करणारी चिप आहे. आजच्या पन्नास हजारांच्या फोनमध्येही बहुधा तो नसतो. साधे तारेचे हेडफोन लावा, सेटिंगमध्ये क्वाड डॅक चालू करा आणि केसरबाईंचं किंवा अभिषेकीबुवांचं जुनं ध्वनिमुद्रण ऐका. वायफायवर वाचायला, नातवंडांशी व्हिडिओ कॉल करायला, दुसऱ्या पडद्यावर पुस्तक उघडून समोर टिपणं काढायला यातला स्नॅपड्रॅगन ८५५ प्रोसेसर अजून पुरून उरतो. फक्त त्यासाठी वेगळं गूगल खातं काढा, ज्यात कार्ड नाही आणि पासवर्ड साठवलेले नाहीत. अंगणात कॅमेरा म्हणून चोवीस तास चार्जरला लावून ठेवायची कल्पना मात्र नको, बॅटरी फुगायचा तो हमखास रस्ता आहे.

घरात याहून जुना, २०१५-१६ चा फोन असेल आणि चांगल्या चांगल्या साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं दिसत असेल, तर आधी तारीख बघा. बॅटरी पार उतरून तारीख चुकली असेल तर ती नीट केल्यावर भागतं. तारीख बरोबर असूनही तसंच असेल तर अँड्रॉइड ७.१.१ च्या खालच्या फोनांना साइटना सुरक्षेची प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं मूळ प्रमाणपत्र ओळखता येत नाही, आणि त्यांच्यासाठी ठेवलेली तात्पुरती सोय २०२४ च्या सप्टेंबरमध्ये संपली. तो फोन गजर आणि रेडिओपुरता. आयफोनवाल्यांचं गणित निराळं. अ‍ॅपल विक्री थांबल्यावर पाच वर्षांनी फोन ‘व्हिंटेज’ म्हणते आणि सात वर्षांनी सुटे भाग देणं थांबवते, पण २०१३ च्या आयफोन ५एस ला २०२३ च्या जानेवारीतही सुरक्षा पॅच आला होता. तिथे मॉडेलनिहाय बघावं लागतं.

कामाचा क्रम एवढा पाळा. बॅटरीसाठी दुकानात देण्याआधी फोटो आणि वर्गाच्या फाइली मेमरी कार्डवर काढा, आणि ते कार्ड घरी ठेवून या. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या. यूपीआय आणि बँक नव्या जागी सुरू झाल्याची खात्री झाली की मगच इथली अ‍ॅप काढा. ओटीपीऐवजी कोड देणारं ऑथेंटिकेटर वापरत असाल तर तेही आधी हलवा. आणि कधी रीसेटची वेळ आलीच तर त्यातल्या गूगल खात्याचा पासवर्ड आधी आठवून बघा. अँड्रॉइड ५.१ पासून, सेटिंगमधून न करता बटणं दाबून रीसेट केला तर, जुनं खातं आणि पासवर्ड टाकल्याशिवाय फोन उघडत नाही, आणि ते कुलूप उघडून द्यायला आता एलजीची मदत मिळेल असं धरून चालू नका.